ट्विनसेट घातल्यावर शेवटच्या थांब्याला वर का फेकले जाता?

एका टाकीवर वर्षानुवर्षं डायव्ह केलेला, पाण्यात आडवा आणि शांत राहणारा माणूस पाठीवर जुळ्या टाक्या, म्हणजे ट्विनसेट, घेतो आणि नवशिक्यासारखा वागायला लागतो. उतरताना वाटलं त्यापेक्षा भराभर खाली जातो. तळाशी त्याचं बरं चाललेलं असतं. परत येताना मात्र सहा मीटरच्या थांब्याला चुळबुळ सुरू होते आणि तीन मीटरवर तो थांबतच नाही, थेट वर निघून येतो. डेको, म्हणजे अंगात विरघळलेला वायू सावकाश बाहेर पडावा म्हणून वर येताना घ्यायचे थांबे, शिल्लक असताना हे घडलं तर प्रकरण दवाखान्यापर्यंत जाऊ शकतं. यावर मिळणारा सल्ला मात्र ठरलेला असतो: ‘अजून दोन किलो शिसं लाव.’ काहींना त्याने खरंच बरं वाटतं. बाकीच्यांचं दुखणं त्याने वाढतं, आणि पुढच्या वेळी ते आणखी दोन किलो लावतात.

मी इंग्लंडात मिडलँड्समध्ये राहतो. लेस्टरशरमधली स्टोनी कोव्ह ही पाण्याने भरलेली जुनी दगडखाण. शनिवार-रविवारी इथले डायव्हर तिथे जमतात, आणि त्यात पुण्या-नाशिकची आयटीवाली मंडळीही आता बरीच दिसतात. हिवाळ्यात इथे ट्विनसेट शिकायचा आणि उन्हाळ्यात वर ऑर्कनीला स्कापा फ्लोमध्ये जायचं, असा बऱ्याच जणांचा बेत असतो. २१ जून १९१९ ला जर्मन आरमाराने आपल्याच हाताने बुडवलेल्या जहाजांपैकी तीन युद्धनौका आणि चार क्रूझर तिथे अजून तळाशी आहेत. मार्कग्राफच्या तळापर्यंत जायचं तर पंचेचाळीसेक मीटर होतात, तिथे एका टाकीत भागत नाही. म्हणून खालचं उदाहरण इथल्या नेहमीच्या सामानाचं घेतो: १२ लिटरच्या दोन पोलादी टाक्या, २३२ बारच्या, वर दोन्ही टाक्या जोडणारा मॅनिफोल्ड आणि त्याच्या मधोमध त्यांना एकमेकींपासून तोडणारा नॉब, म्हणजे आयसोलेटर, टाक्या पाठीवर बसवायची स्टीलची बॅकप्लेट, आणि अंग कोरडं ठेवणारा, आत हवा भरता येणारा ड्रायसूट. आपल्याकडच्या गरम पाण्यातली अॅल्युमिनियमची जोडी वेगळी वागते, तिच्याबद्दल शेवटी लिहितो.

आधी एक प्रश्न

वर फेकले गेलात त्या क्षणी विंगमध्ये (पाठीवरच्या हवा भरायच्या पिशवीत) हवा होती का?

याचं उत्तर मिळेपर्यंत शिशाला हात लावू नका. विंग पूर्ण रिकामी होती, सूटची झडप उघडी होती, श्वास नेहमीचा चालू होता आणि तरीही वर गेलात, तर शिसं कमी आहे. विंगमध्ये हवा होती आणि ती वेळेत सुटली नाही, तर बहुतेक वेळा शिसं जास्त आहे.

हे दुसरं पटायला जड जातं. जास्त शिसं लावलेला माणूस वर कसा जाईल? समजा गरजेपेक्षा चार किलो जास्त लावलंय. ते उचलून धरायला विंगमध्ये चार लिटर हवा जादा ठेवावी लागते, कारण एक लिटर हवा म्हणजे ढोबळमानाने एक किलोची उचल. सहा मीटरवर दाब १.६ बार असतो, तीन मीटरवर १.३. सहावरचे चार लिटर तीनवर येईपर्यंत जवळजवळ पाच होतात. म्हणजे इन्फ्लेटरला (विंगमध्ये हवा भरायच्या-सोडायच्या नळीला) हात न लावता तुम्ही जवळपास एक किलोने हलके झालात. हलके झालात म्हणून आणखी वर सरकता, वर सरकलात म्हणून हवा आणखी फुगते. वीस मीटरवरून सहावर येताना तर तीच हवा जवळपास दुप्पट होते. ज्याच्याकडे नेमकं शिसं आहे त्याच्या विंगमध्ये शेवटच्या टप्प्याला नावापुरती हवा उरलेली असते. ती फुगून फुगून किती फुगणार?

मूळचा नाशिकचा एक मित्र याच दुष्टचक्रात सापडला होता. शिसं वाढवत वाढवत कमरेवर दोन्ही बाजूंना ठोकळे, शिवाय टाक्यांच्या मधल्या फटीत व्ही आकाराचं वजन. त्याच्यासोबत सहा मीटरच्या पायरीवर गेलो आणि नुसता बघत राहिलो. डावा हात इन्फ्लेटरवरून हलतच नव्हता. दोन सेकंद हवा आत, तीन सेकंद बाहेर, पुन्हा आत. विंगच्या दोन्ही कडा टाक्यांच्या बाजूंनी फुगून आलेल्या. गेजवर साठ बार. इथे विंग सपाट असायला हवी होती. वर आल्यावर कमरेवरचे चार किलो काढून ठेवले आणि पुन्हा खाली गेलो, तर त्याचा हात इन्फ्लेटर सोडून पोटापाशी आला. इतकंच करायचं होतं.

हवेचं वजन

आधीच्या एका टाकीचा अंदाज इथे का चुकतो, ते आकड्यांत बघू. दोन टाक्यांचं मिळून २४ लिटर, दाब २३० बार. गुणाकार केला तर साडेपाच हजार लिटर हवा. एक लिटर हवेचं वजन सव्वा ग्रॅमच्या आसपास. इतक्या दाबाला हवा सूत्राने येते त्यापेक्षा जरा कमीच मावते, त्यामुळे साधारण सहा ते साडेसहा किलो धरा. डायव्ह संपताना ३० बार उरले तर त्यातले साडेपाच किलो तुम्ही श्वासातून बाहेर सोडलेले असतात. बारा लिटरच्या एका टाकीवर २३० पासून ५० बारपर्यंत आलात तर हा फरक अडीच किलोच्या आसपास असतो. शरीराला सवय लागलेली असते ती अडीच किलोची.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, शिसं बरोबर असेल तर पाण्यात उतरताना तुम्ही साडेपाच किलो जड असणारच. ‘ट्विनसेटवर सुरुवातीला खाली ओढल्यासारखं वाटतं’ म्हणून कुणी शिसं कमी करून घेतं, आणि तिथेच शेवटच्या थांब्याचा गोंधळ पेरला जातो. ते साडेपाच किलो विंगने पेलायचे. दुसरी, पृष्ठभागावर भरल्या टाक्यांनी डोळ्यांपर्यंत पाणी येतं का बघण्याची जी चाचणी आपण पहिल्या कोर्समध्ये शिकलो, ती इथे उपयोगाची नाही. तिच्यात भरल्या टाकीचं वजन धरलेलं असतं, आणि ड्रायसूटमध्ये कुठेकुठे अडकलेली हवा आकडा आणखी बिघडवते.

नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन मिसळलेली हवा) असेल तर हिशेब जवळपास हाच. ट्रायमिक्स (हेलियम मिसळलेला वायू) असेल तर हेलियम हलका असल्याने टाकीतल्या वायूचं वजन कमी भरतं आणि हा फरकही कमी होतो. तेव्हा हवेवर काढलेला आकडा ट्रायमिक्सला तसाच चालेल असं समजू नका.

खरी चाचणी: तीन मीटर, तीस बार

ही चाचणी कंटाळवाणी आहे म्हणून लोक टाळतात. पण ट्विनसेटच्या बाबतीत शिसं ठरवायचा दुसरा भरवशाचा मार्ग मला माहीत नाही.

संथ पाण्याची, तळ सहा-सात मीटरवर असलेली जागा घ्या. वर बोया आणि खाली वजन बांधलेली उभी दोरी हवी. सोबतच्या डायव्हरकडे भरपूर हवा आणि ती तुम्हाला देता येईल अशी लांब नळी हवीच, कारण तुमच्या टाक्या जवळजवळ रिकाम्या असणार आहेत. एखाद्या साध्या डायव्हच्या शेवटी ही चाचणी जोडून घेतली तर हवा वाया घालवावी लागत नाही. जोडीदाराच्या खिशात किंवा दोरीला टांगलेल्या पिशवीत एकेक किलोचे चार-पाच ठोकळे ठेवा.

गेजवर तीस-चाळीस बार आले की तीन मीटरवर दोरीपाशी थांबा. दोरी मुठीत धरायची नाही. अंगठा आणि तर्जनीचं सैल कडं करून तिच्याभोवती ठेवायचं, म्हणजे आपण तिला ओढतोय की लटकतोय ते लगेच कळतं. विंग पूर्ण रिकामी करा. आधी थोडं उभं होऊन डाव्या खांद्यावरून इन्फ्लेटर वर उचलून, मग आडवं होऊन मागच्या डंपची (हवा सोडायच्या झडपेची) दोरी ओढून, असं दोन्हीकडून. सूटमध्ये अंगाला चिमटा बसणार नाही आणि थंडी वाजणार नाही इतकीच हवा, खांद्यावरची झडप पूर्ण उघडी. आणि आता काही करू नका. दोन-तीन मिनिटं श्वास घेत पडून राहा.

हा थांबा महत्त्वाचा. माणूस घाबरलेला किंवा दमलेला असला की छातीत नेहमीपेक्षा दीड-दोन लिटर हवा धरून ठेवतो, म्हणजे तेवढे किलो हलका होतो. लगेच निष्कर्ष काढलात तर भीतीचं वजन शिशाने फेडाल. श्वास सावकाश झाला की बघा: श्वास आत घेतल्यावर किंचित वर, सोडल्यावर किंचित खाली असं होत असेल तर झालं. सोडल्यावरही वर जात असाल तर एक किलो लावा आणि परत दोन मिनिटं थांबा. आत घेऊनही खाली जात असाल तर एक किलो काढा. अर्ध्या किलोच्या पलीकडे नेमकेपणा गाठायच्या मागे लागू नका, नाश्त्यात तेवढा फरक पडतो.

गेजवर पन्नास बार असताना चाचणी केलीत तर तीसपर्यंतचे वीस बार अजून शिल्लक आहेत. चोवीस गुणिले वीस, ४८० लिटर, सुमारे सहाशे ग्रॅम. तेवढी भर घाला.

एक फसवणूक इथे नेहमी होते. एसएमबी (पाण्याखालून वर सोडायची खुणेची बोया) सोडून तिच्या रीळला लटकून थांबा काढणाऱ्यांना आपण जड आहोत हे कळतच नाही, कारण भार बोया पेलत असते. दोरी ताठ असेल तर तुम्ही लटकलेले आहात. तिला थोडी ढील द्या आणि मग काय होतं ते बघा.

शिसं बरोबर आहे, तरी वर जातोय

अशा वेळी हवा कुठेतरी लपलेली असते. सगळ्यात जास्त वेळा ती विंगच्या खालच्या टोकाला असते. मागचा डंप डाव्या कमरेपाशी असतो आणि तो उघडला तरी हवा तेव्हाच बाहेर पडते जेव्हा ती जागा विंगमधली सगळ्यात उंच जागा असते. पाय खाली, छाती वर अशा तिरक्या अवस्थेत दोरी कितीही ओढा, हवा खांद्यांकडे पळालेली असते. उलट डोकं खाली असताना इन्फ्लेटरमधून काही निघत नाही. जोडीदाराला सांगा, विंग रिकामी केली असं वाटल्यावर दोन्ही कडांवरून हात फिरव. दोन लिटर हवा हाताला सहज लागते.

विंग एका टाकीची अरुंद असेल तर ती दोन टाक्यांच्या आणि प्लेटच्या मध्ये चिमटली जाते आणि हवा तुकड्यातुकड्याने अडकते. ट्विनसेटला ट्विनसेटची रुंद विंगच हवी. तिची उचल किती हवी याबद्दल दुकानात हमखास मोठ्यातली मोठी गळ्यात मारतात. हवेचे साडेपाच किलो, खोलीवर सूट दाबला गेल्याने जाणारे काही किलो आणि वर थोडं राखून, इतका हिशेब केला की बहुतेकांना अठरा-वीस किलो उचलीची विंग पुरते. तीस किलोची विंग घेतलीत तर तिच्यात हवा लपायला तेवढ्या जास्त घड्या मिळतात.

ड्रायसूटवाल्यांची आणखी एक जुनी सवय आड येते. एका टाकीवर बरेच जण सगळी बॉयन्सी (तरंगणं-बुडणं) सूटनेच सांभाळायला शिकलेले असतात, आणि अडीच किलोसाठी ते चालूनही जातं. सहा किलोसाठी सूटमध्ये सहा लिटर हवा भरलीत तर ती कधी मानेशी, कधी बुटांत जाऊन बसते आणि झडपेपर्यंत पोहोचत नाही. ट्विनसेटवर भार विंगने घ्यायचा, सूटमध्ये उबेपुरती हवा.

आतला जाड कपडा बदललात का? पातळ अंडरसूट काढून हिवाळ्याचा जाड घातला की दोन-तीन किलोंचा फरक सहज पडतो. हार्नेसला नव्या फोमच्या गाद्या लावल्या असतील तर त्याही काही दिवस तरंगतात. या दोन गोष्टी विचारल्याशिवाय सांगत कुणी नाही.

एका बाजूला कलंडणं: आधी आयसोलेटर बघा

ही तक्रार कमी येते, पण आली की बाकी सगळं सोडून हिच्याकडे बघायचं. डायव्हच्या मध्यावर डावी बाजू जड वाटायला लागते, सरळ राहायला उजव्या पायाने सतत मारावं लागतं. लोक टाक्यांचे पट्टे वाकडे बसलेत का बघतात, दिव्याचा डबा इकडून तिकडे करतात. आयसोलेटर बंद राहिला असेल तर नेमकं हेच होतं.

नेहमीच्या मांडणीत लांब नळीचा, तोंडात धरायचा मुख्य रेग्युलेटर उजव्या टाकीच्या नॉबवर असतो, विंगचा इन्फ्लेटरही तिथेच. गेज आणि ड्रायसूटमध्ये हवा भरायची नळी डावीकडे. मधला आयसोलेटर बंद असेल तर तुम्ही फक्त उजवी टाकी पिताय, डावी भरलेलीच आहे. बारा लिटरच्या टाकीतून दीडशे बार वापरले गेले की दोन बाजूंत दोन किलोंहून जास्त फरक पडतो, आणि अंग जड बाजूला कलंडतं. भयंकर गोष्ट ही की गेज भरल्या टाकीवर आहे. काटा जवळपास हलतच नाही, सूटमध्ये हवा भरली की तेवढाच किंचित उतरतो. ‘आज माझी हवा किती छान पुरतेय’ असं वाटत असेल आणि सोबत डावीकडे कलंडत असाल, तर हात मागे न्या आणि मधला नॉब उघडा आहे का बघा. उघडल्यावर टाक्यांचा दाब एकमेकांत मिसळतानाचा फुसकारा ऐकू येतो आणि काटा झपकन खाली येतो. तो आकडा खरा. त्याला डायव्ह संपवायची वेळ झाली असं समजा.

हे पाण्यात शिरण्याआधीच पकडायचं असतं: टाक्या भरून आणल्यावर तिन्ही नॉब हाताने तपासायचे, आयसोलेटर पूर्ण उघडा. नायट्रॉक्स असेल तर दुप्पट काळजी, कारण आयसोलेटर बंद ठेवून भरलं तर दोन टाक्यांत दोन वेगळे वायू असू शकतात आणि तुम्ही एकाचीच टक्केवारी मोजलेली असते.

कलंडण्याची साधी कारणंही असतात. डाव्या कमरेला लावलेली अॅल्युमिनियमची जादा टाकी (स्टेज) रिकामी होत आली की शेपूट वर करून तरंगायला लागते, विंगचा एक पंख पट्ट्याखाली दबलेला असतो, किंवा शिसं एकाच खिशात भरलेलं असतं. ती बघितली की दिसतात.

डोकं खाली की पाय खाली

शिसं किती, हा एक प्रश्न झाला. ते कुठे लावायचं, हा दुसरा, आणि पहिला सुटल्याशिवाय दुसऱ्याला हात घालण्यात अर्थ नाही.

आधी टाक्यांना दोष देऊ नका, शरीराकडे बघा. गुडघे काटकोनात, मांड्या सरळ, नितंब घट्ट, मान वर, नजर समोर. मान खाली घातली की पाठ वाकते आणि पाय खाली येतात. जोडीदाराकडून बाजूने एक मिनिटाचा व्हिडिओ काढून घ्या. अनेकांची ‘टाक्यांची समस्या’ तिथेच संपते.

मग हातपाय न हलवता अर्धा मिनिट पडून राहा. डोकं खाली जात असेल तर टाक्या बॅकप्लेटच्या तुलनेत खाली सरकवायच्या, पाय खाली जात असतील तर वर. पट्ट्यांचे बोल्ट सैल करून दोन्ही टाक्या एकत्र, एका वेळी एक-दोन सेंटीमीटर. मॅनिफोल्डवर ताण येता कामा नये. आणि प्रत्येक बदलानंतर सूट घालून, पाण्यात, तिन्ही नॉबपर्यंत हात पोहोचतो का ते बघायचं. ट्रिमसाठी (पाण्यात आडवं, समतोल राहण्यासाठी) टाक्या इतक्या खाली नेल्या की नॉब फिरवता येत नाहीत, तर ट्विनसेट घालण्याचं कारणच गेलं. हात पोहोचत नसेल तर टाक्या पुन्हा वर घ्या आणि ट्रिम शिशाने सांभाळा.

तरफेचं गणित इथे मदतीला येतं. भरलेली पोलादी जोडी, पट्टे आणि मॅनिफोल्ड धरून, पाण्यात साधारण आठ-दहा किलोच भरते. ती दोन सेंटीमीटर सरकवून जो परिणाम होतो, त्याच्या दुप्पट परिणाम एक किलो शिसं कमरेवरून चाळीस सेंटीमीटर खाली, टाक्यांच्या बुडाशी बांधून मिळतो. म्हणून बारीकसारीक दुरुस्तीला स्पॅनर काढायची गरज नसते. पाय तरंगत असतील तर कमरेवरचा एक ठोकळा बुडाशी न्या. डोकं हलकं वाटत असेल तर तोच दोन टाक्यांच्या फटीत वर न्या. एकूण शिसं तेवढंच राहतं, फक्त जागा बदलते. फिन्सही विसरू नका: जड रबरी फिन्स काढून हलक्या प्लास्टिकच्या घातल्या की पाय उठतात, आणि माणूस महिनाभर टाक्या वरखाली करत बसतो.

पोलादी जोडी आणि वेटसूट

याबाबत मी आडमुठा आहे. जाड वेटसूट (आत पाणी शिरणारा फोमचा सूट) आणि पोलादी जुळ्या टाक्या ही जोडी नको. सात मिलिमीटरचा सूट वरच्या पाण्यात बरीच किलो उचल देतो आणि तीस मीटरवर, चार बार दाबाखाली, त्यातली बहुतेक नाहीशी होते. त्यात भरल्या टाक्यांचे साडेपाच किलो. अशा वेळी विंग फाटली किंवा इन्फ्लेटरची नळी निसटली तर पायांच्या जोरावर वर येणं अनेकांना झेपणार नाही. काढून टाकायला कमरेवर शिसंही नसतं, कारण टाक्याच इतक्या जड की ते लावावंच लागत नाही. ड्रायसूट असेल तर निदान तो फुगवून वर येता येतं. दोन पिशव्यांची विंग हा एक उपाय लोक सांगतात. माझं मत असं की वेटसूटमध्ये जायचं असेल तर टाक्याच अॅल्युमिनियमच्या घ्या.

स्वतःला तपासायचं तर उथळ पाण्यात, भरल्या टाक्यांनी, जोडीदार हाताच्या अंतरावर ठेवून, विंग पूर्ण रिकामी करा आणि पोहत वर यायचा प्रयत्न करा. दम लागला तर सामान तुम्हाला झेपणारं नाही. तीस मीटरवर ते आणखी जड असेल.

खाण, समुद्र आणि अंदमान

स्टोनी कोव्हचं पाणी गोडं. समुद्राचं पाणी त्यापेक्षा अडीच टक्क्यांनी जड. सामानासकट तुमचं वजन १३० किलोच्या आसपास असेल (ट्विनसेट घातलेल्या ऐंशी किलोच्या माणसाचं सहज होतं) तर समुद्रात तीन किलोच्या थोडं वर शिसं जास्त लागेल. खाणीत नेमकं बसवलेलं शिसं घेऊन कुणी स्कापा फ्लोला गेलं तर पहिल्याच थांब्याला वर येणार. मालवण किंवा गोव्याच्या समुद्रात शिकून इथे आलेल्यांचं उलट होतं. ते खाणीत तीन किलो जड असतात आणि ‘ट्विनसेटच जड’ म्हणून मोकळे होतात.

अंदमानला किंवा लक्षद्वीपला सुट्टीत जुळ्या टाक्यांवर डायव्ह करायचं असेल तर बहुधा अॅल्युमिनियमच्या ऐंशी घनफुटी दोन टाक्या मिळतील. कुठल्या मिळतील, पट्टे आणि मॅनिफोल्ड कोणता, हे आधी विचारून ठेवा. अशी एक टाकी ११ लिटरची. भरलेली पाण्यात पाऊण किलोच्या आसपास जड, पूर्ण रिकामी झाली की दोनेक किलो उचल देणारी. जोडीचे मिळून शेवटी साडेतीन-चार किलो वर ओढतात. त्यातले दीड-दोन पट्टे आणि मॅनिफोल्ड खातात, उरलेले स्टीलची बॅकप्लेट. इथून जाताना सामानाचं वजन वाचवायला लोक अॅल्युमिनियमची प्लेट नेतात आणि नेमके ते दीड-दोन किलो तिथे शिशाने भरतात. तीन मिलिमीटरच्या सूटला आणखी एक-दोन किलो लागतील, तुमच्या अंगकाठीप्रमाणे कमी-जास्त.

या टाक्या पाण्यात जवळपास वजनहीन असल्याने त्या वरखाली सरकवून ट्रिममध्ये फारसं काही हाती लागत नाही. रिकाम्या होताना त्यांची बुडं वर उठतात, कारण वरच्या टोकाला पितळेचे व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटर असतात, आणि डोकं खाली जायला लागतं. म्हणून शिसं कमरेवर न लावता टाक्यांच्या बुडाशी बांधा. दोन किलो तिथे पट्ट्याने आवळले की बहुतेक वेळा काम होतं.

चाचणी तिथेही तीच. पहिला डायव्ह उथळ ठेवा, बोटीच्या दोरीपाशी तीन मीटरवर तीस बार होईपर्यंत थांबा आणि बोटीवर आल्या आल्या वहीत लिहा: कुठल्या टाक्या, कुठली प्लेट, कुठला सूट आणि आत काय घातलं होतं, गोडं की खारं पाणी, शेवटचा दाब, किती शिसं आणि ते कुठे. यातलं एक जरी बदललं तर नवी ओळ.